दहाव्या प्रकरणातला पाट

(सावदा, १९३५ सालचा चैत्र. दुपार. जीवराम पाटलांच्या घराची ओसरी. पापड लाटायला जमलेल्या बायका नुकत्याच आपापल्या घरी गेल्या आहेत. जीवरामांची विधवा मुलगी सुगंधा माहेरीच राहते. तिचा चुलतभाऊ शालिग्राम धुळ्याच्या शाळेत शिक्षक आहे. तो आजच गाडीने आला आहे. त्याची पहिली कादंबरी दोघांच्या मध्ये पडली आहे.)

सुगंधा : तर मी बायकांना तुमची कादंबरी वाचून दाखवत होते, तेव्हा शेवंताकाकूंनी लाटणं थांबवलं आणि मला विचारलं, "सुगंधे, हे कोन्या राजाच्या येयचं गं?"

शालिग्राम : राजाच्या वेळचं? अगं, पहिल्याच ओळीत लिहिलं आहे, इसवी सन दोन हजार. ती ओळ तू गाळलीस की काय?

सुगंधा : गाळली नाही. दोनदा वाचली. समजावूनही सांगितलं, की हे घडून गेलेलं नाही, पुढं घडायचं आहे. आपण सगळ्या गेल्यावर. काकू मान हलवत होत्या. मला वाटलं, समजलं त्यांना.

शालिग्राम : विमानांमुळं घोटाळा झाला असेल. पोथीत विमानं ऐकायची सवय. त्यांना कशाला हसायचं? धुळ्याच्या वाचनालयात एका वकिलांनी मला भर लोकांत सुनावलं, "मास्तर, तुमच्या कादंबरीत नवीन काय आहे? हे सगळं आपल्याकडं पूर्वीच होतं."

सुगंधा : धुळ्यात आणखी काय म्हणतात? मला नीट सांगा. पत्रात तुम्ही नुसतं 'बरा बोलबाला आहे' एवढंच लिहिता.

शालिग्राम : मुलांनी फडशा पाडला. मुख्याध्यापकांनी शाळेची प्रत मागवून घेतली आणि सातव्या प्रकरणाची पानं दोऱ्यानं शिवून टाकली.

सुगंधा : सातवं म्हणजे भुयारी गाडीतलं? विद्याधर चंद्रिकेचा हात धरतो, ते?

शालिग्राम : तेच. हात धरण्यापलीकडे त्यात काही नाही. मुलांनी दुसऱ्याच दिवशी दोरा उसवला. आता ते पुस्तक हातात घेतलं की आपोआप तिथंच उघडतं. आणि पुण्याच्या एका साप्ताहिकानं लिहिलं, 'लेखकाची कल्पना उंच उडते, पण तिच्या पायांना खानदेशची काळी माती चिकटलेली आहे.' ही स्तुती की निंदा, मला अजून उमजलेलं नाही.

सुगंधा : आमच्याकडं भांडण झालं ते गोळ्यांवरून.

शालिग्राम : जेवणाच्या गोळ्या?

सुगंधा : हो. एक गोळी घेतली की दिवसभर भूक नाही. काकू म्हणाल्या, "मंग बाई चुलीम्होरून उठून जाईन कुठी?" त्यांची धाकटी सून पटकन बोलून गेली, "कुठीबी."

शालिग्राम : वा! हे मला सुचायला हवं होतं.

सुगंधा : त्याच धाकटीला मंगळाचं प्रकरण फार आवडलं. विद्याधर तिकडून रोज रात्री उजेडाच्या खुणा पाठवतो आणि चंद्रिका गच्चीवर बसून वाचते. तिचा नवरा केळीच्या वॅगनींबरोबर दिल्लीला जातो, महिना महिना येत नाही. ती म्हणाली, "मंगयावरून रोज खुना येतात, अन् आमच्या दिल्लीहून एक कार्ड येत नही."

शालिग्राम : सुगंधा, खरं सांगू? पुण्याच्या अभिप्रायापेक्षा मला हे ऐकायचं होतं.

सुगंधा : आणि चंद्रिकेला सासू का नाही, हे तर प्रत्येकीनं विचारलं. लिहायची राहिली का?

शालिग्राम : राहिली नाही. त्या काळात दांपत्य स्वतंत्र बिऱ्हाड करतं.

सुगंधा : मी तसं सांगितलं. विमान पटलं त्यांना. हे पटलं नाही.

जीवराम : आला का लेखक? कवा आला? गाडी येयेवर व्हती?

शालिग्राम : भुसावळला खोळंबली थोडी. नमस्कार करतो, आबा. मळ्यातून येताय?

जीवराम : मळ्यातून. सुगंधा, पानी दे बाई. अन् तुले एक इचारायचं व्हतं रे. तुह्या पुस्तकात केयीचे घड विमानानं दोन तासात दिल्लीले पोचतात म्हने.

शालिग्राम : हो. दोन तासांत.

जीवराम : मंग हिरवेगार पोचतीन. दिल्लीवाले काय भाजी करतीन त्याची? घड वॅगनमधी पिकत पिकत जातो, बापा. त्याले पिकाले वाट तं दे!

शालिग्राम : दुसऱ्या आवृत्तीत विमान सावकाश नेतो.

जीवराम : ने. बाकी झ्याक लिव्हलं. गावात नाव निघालं तुहं. उद्या पंच जमतीन दुपारी. झुलाल पाटील रावेरहून येतीन. अध्यक्ष तूच, असं समद्याईचं ठरलं हाये. बी.ए. झालेला मानूस खुर्चीवर असला म्हंजे वाद वाढत नही.

शालिग्राम : मला तसं पत्र आलं आहे.

जीवराम : मी पडतो जरा खाटंवर. तुम्ही बोला.

सुगंधा : पडा, आबा. उशी आत आहे, देऊ का?

जीवराम : राहू दे. हात हाये उशाले.

शालिग्राम : थकलेले दिसतात.

सुगंधा : उन्हाचं होतं तसं. भाऊ, तो घोटाळा विमानांमुळं झाला नव्हता.

शालिग्राम : मग?

सुगंधा : दहाव्या प्रकरणामुळं झाला.

शालिग्राम : दहावं! अगं, तो तर कादंबरीचा प्राण आहे. बाकीचं सगळं, विमानं, मंगळ, गोळ्या, मी त्या एका प्रकरणासाठी रचलं. विधवा झालेली चंद्रिका भर सभागृहात, विजेच्या लखलखाटात विद्याधरला वरते आणि एकाही माणसाची भुवई वर जात नाही. मला वाटलं होतं, या पानावर वाचणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहील. ज्याची आज कल्पनाही कोणी करत नाही, ते...

सुगंधा : त्याच पानावर शेवंताकाकू म्हणाल्या, "हात्तेरी, पाट लागला व्हय! मंग जुन्या कायची गोष्ट हाये ही. उगीच पुढची पुढची म्हनते सुगंधी."

शालिग्राम : जुन्या काळची?

सुगंधा : त्यांचं काय चुकलं? विमान त्यांनी कधी पाहिलं नाही. ते पूर्वीचं असो नाहीतर पुढचं, त्यांना सारखंच. पण विधवेचा पाट लागताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. आणि आता तो कुठं दिसत नाही. म्हणजे ते जुनंच की. तुम्ही जे नवल म्हणून लिहिलंत ना भाऊ, ते त्यांच्या तरुणपणी या गल्लीत सर्रास होत होतं.

शालिग्राम : पण पाट आणि पुनर्विवाह यांत अंतर आहे. पाट कसा लागायचा ते तूही ऐकलं आहेस. अंधाऱ्या पंधरवड्यात, मागल्या दारी. वाजंत्री नाही, अक्षता नाहीत. सवाष्णींनी उजाडेपर्यंत त्या जोडप्याचं तोंड पाहायचं नाही. एखादी चोरी झाकावी तसं ते सगळं. मी त्याला उजेडात आणलं, सन्मान दिला.

सुगंधा : दिलात. दोन हजार साली दिलात. मी तेव्हा नव्वदीची असेन.

शालिग्राम : कादंबरीतला काळ असा शब्दशः धरायचा नसतो.

सुगंधा : मग कसा धरायचा? मला सांगा, मी उद्या बायकांना तसं सांगते. अंधारात का होईना, बाईला घर मिळत होतं. पाच वर्षांपूर्वी ज्ञातीच्या सभेनं पाट बंद करायचा ठराव केला आणि तेवढंही गेलं. त्या सभेला तुम्ही होतात.

शालिग्राम : होतो. लपवलेलं नाही मी ते.

सुगंधा : बोलला होतात काही?

शालिग्राम : सुगंधा, त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते तुला पुरतं ठाऊक नाही. देवपुरात आपल्या मुलांसाठी वसतिगृह उभं करायचं होतं. खेड्यातली पोरं धुळ्यात दुसऱ्याच्या ओट्यावर झोपून शिकत होती. झुलाल पाटलांनी जागा द्यायचं कबूल केलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ज्ञातीला मान हवा असेल तर दारू, गोंधळ, पाट, ह्या गोष्टी सोडाव्या लागतील; वरचे लोक याच गोष्टींवरून आपल्याला हिणवतात.

सुगंधा : म्हणजे अट घातली.

शालिग्राम : अट म्हणून नाही. एकाच सभेत दोन्ही विषय आले.

सुगंधा : आणि एकाच टाळीत मंजूर झाले.

शालिग्राम : आज तिथं पोरं शिकतात. त्यांच्यापैकी उद्या कोणी वकील होईल, कोणी डॉक्टर. ती पिढी हे सगळं मोडून काढील, असा हिशेब मी मनाशी केला होता. तो अगदीच खोटा होता असं मला आजही वाटत नाही.

सुगंधा : त्या पिढीतला एक आमच्याकडं येऊन गेला. माघात, माझ्या भावाच्या, निंबाच्या सोयरिकीच्या वेळी. मुलीचा भाऊ. तुमच्याच वसतिगृहात राहतो, फार अदबीनं बोलत होता. जाताना त्यानं आबांना विचारलं, "राग मानू नका, पण घराण्यात कुठं पाट नाही ना?"

शालिग्राम : आबा काय म्हणाले?

सुगंधा : नाही म्हणाले.

शालिग्राम : आजीला...

सुगंधा : हो. स्वतःच्या आईला नाही म्हणाले. आपली आजी पाटाची होती हे या गावात कोणाला ठाऊक नाही? पण सगळ्यांनी मिळून ते विसरायचं ठरवलं आहे. मी तिथंच चहाचे पेले उचलत होते.

शालिग्राम : मला हे कोणी कळवलं नाही.

सुगंधा : कळवून काय झालं असतं? भाऊ, मी आडून आडून बोलत नाही. उद्या पंचांपुढं कोणता विषय आहे, तो तुमच्या पत्रात लिहिला आहे ना?

शालिग्राम : आहे. चिनावलच्या पंडितरावांचा अर्ज. पाटाची मोकळीक मिळावी म्हणून.

सुगंधा : कोणाशी, ते लिहिलं आहे?

शालिग्राम : तुझं नाव नाही. पण मला समजलं.

सुगंधा : बायको विषमज्वरानं गेली त्यांची. एक मुलगी आहे. दोनदा आले इथं, आबांसमोर बसले, माझ्याशीही बोलले. ते म्हणाले, चोरून नको, पंचांना विचारून करू. म्हणजे पुढं कोणी पोरीला बोलायला नको. आबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. पंच म्हणतील तसं, म्हणाले. आणि पंच म्हणतात, शालिग्राम मास्तर म्हणतील तसं. म्हणून मी तुमची वाट पाहत होते.

शालिग्राम : तुझी स्वतःची इच्छा आहे?

सुगंधा : आहे.

शालिग्राम : मला वाटलं होतं, आबांवर ओझं नको म्हणून तू...

सुगंधा : नाही, भाऊ. मला हवं आहे. तुम्ही चंद्रिकेच्या मनातलं पानंच्या पानं लिहिलंत. माझं एवढंच आहे, ते एका शब्दात सांगितलं.

शालिग्राम : मी तुझ्यासाठी दुसराच विचार करून आलो होतो. पुण्याला बायकांसाठी अध्यापनाचा वर्ग आहे. तुझी राहण्याची सोय मी लावतो. दोन वर्षांत तू शिक्षिका होशील, चार मुलींना शिकवशील. पायांवर उभी राहशील. किती मोठं काम आहे ते!

सुगंधा : मोठं आहे. ज्यांना करायचं त्यांनी करावं. पण विधवा झाली की तिनं मोठंच काम करायला पाहिजे का? चंद्रिकेला का नाही पाठवलंत शाळेत शिकवायला?

शालिग्राम : तू माझ्यावर अन्याय करतेस.

सुगंधा : करत असेन. उद्या तुम्ही एक वाक्य बोला, 'माझ्या मते मोकळीक द्यावी.' मग माझी क्षमा मागायची तयारी आहे.

शालिग्राम : एका वाक्यानं समाज वळत नाही. माणसांची मनं आधी तयार करावी लागतात. म्हणून तर मी ही कादंबरी लिहिली! गोष्टीच्या मिषानं ते घरात शिरेल, लोक वाचतील, सवय होईल...

सुगंधा : वाचली ना लोकांनी. झुलाल पाटलांनीसुद्धा वाचली. आबांना बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "मास्तरांनी लिहिलंय फार गोड. आणि दोन हजार सालची गोष्ट आहे, कोणाला बाधत नाही."

शालिग्राम : असं म्हणाले?

सुगंधा : हसून म्हणाले. दहा प्रती घेतल्या आहेत त्यांनी. लग्नात वाटायला.

जीवराम : सुगंधा.

सुगंधा : जागे आहात, आबा?

जीवराम : झोप कुठी लागते. ते वाचून दाखव बरं. चंद्रिका सभेले सांगते ते. परवा तू आत वाचत व्हती, तवा मी दाराआड व्हतो.

सुगंधा : "मी गेलेल्याला विसरले नाही, समोर उभा होता त्याला ओळखलं, इतकंच."

जीवराम : शालिग्राम, हे तुले कुठी सापडलं?

शालिग्राम : आजीनं सांगितलं होतं, आबा. मी इंग्रजी शाळेत जायला निघालो त्या उन्हाळ्यात.

जीवराम : मले बी सांगे. "मेलेल्याले इसरली नही, जित्याले ओयखलं." पाट लागल्यावर सकायी पान्याले गेली तं विहिरीवरच्या बायाईनं तोंडं फिरवली. तिनं घागर भरली, डोक्यावर घेतली, अन् जाता जाता त्याईले हे सांगतलं. कोनाच्या वाटंले गेली नही माय कधी. अन् कोनापुढं खाली बी पाहिलं नही.

शालिग्राम : मला ते चेहऱ्यासकट आठवतं.

जीवराम : अन् मी त्या पोराले म्हनलं, आमच्या घरात पाट नही. निंबाचं जमावं म्हनून म्हनलं. तवापासून जेवाले बसलो की तिचं तोंड समोर येते.

सुगंधा : आबा, मी तुम्हांला बोल लावला नाही.

जीवराम : तू नही लावला. म्हनून तं लागला. शालिग्राम, उद्या मी उभा राहतो सभेत. मले भाषन येत नही. मी एवढंच सांगतो, की हा जीवराम पाटाच्या बाईच्या पोटचा हाये, अन् तुमच्या अध्यक्षाचा बाप बी तिच्याच पोटचा. आता आम्हांले दोघाईले पंगतीतून उठवा, नही तं माह्या पोरीले मोकयी करा.

शालिग्राम : नको.

जीवराम : काय म्हनला?

शालिग्राम : नको, आबा. असं एकदम नको. निंबाची सोयरीक त्याच क्षणी मोडेल.

जीवराम : निंबाशी मी बोललो सकायी. म्हने, आबा, तुम्हांले वाटते ते करा. पोरगं रडलं, पन म्हनलं.

शालिग्राम : आणि वसतिगृह? नव्या खोल्यांचा पाया आत्ता कुठं भरला आहे. जागा अजून झुलाल पाटलांच्याच नावावर आहे. ते चालवणारा मीच पाटाच्या घरचा, असं भर सभेत निघालं तर मोठी घरं मुलं काढून नेतील. गरिबांची पोरं पुन्हा रस्त्यावर येतील. मला वर्ष-दोन वर्षं द्या. मी एकेकाला गाठून बोलतो. झुलाल पाटलांच्या थोरल्याला हे पटतं आहे, मला माहीत आहे.

जीवराम : म्हंजे मी उभा राहू का नको?

सुगंधा : भाऊ, आबांनी विचारलं.

शालिग्राम : या वेळी नको, असं माझं मत आहे. अर्ज फेटाळू देणार नाही मी. पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवतो. तेवढं माझ्या हाती आहे. सुगंधा, तुला काय वाटत असेल ते मी जाणतो.

सुगंधा : नाही जाणत. पण तुम्हांला वाईट वाटतं आहे, ते दिसतं मला.

जीवराम : मी राहिलो असतो उभा.

सुगंधा : ठाऊक आहे मला. बसा आता. खुर्चीवरचा घरचाच माणूस नको म्हणतो. मग तुमचं बोलणं ऐकायला उरलं कोण?

जीवराम : अन् तुहं काय, माय?

सुगंधा : पंडितरावांचा गडी सकाळी केळीच्या गाड्या घेऊन स्टेशनावर येतो. त्याच्याजवळ मी निरोप देते. सभेच्या आधीच दिलेला बरा.

जीवराम : काय सांगशीन?

सुगंधा : सांगेन, दुसरीकडं बघा. आणि लवकर बघा. पोर अजून लहान आहे.